पात्राच्या संकल्पनाचित्रावर अभिप्राय कसा द्यावा आणि कसा घ्यावा

सोलापुरात चित्रकलेची वाट बहुतेकांची सारखीच असते. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षा होतात, पुढे कोणी ए. टी. डी. ही कलाशिक्षक पदविका करते, कोणी जी. डी. आर्ट या कलेच्या पदविकेला जाते, कोणी ॲनिमेशनचा क्लास लावते. आणि कोणी, माझ्याप्रमाणे, दिवसा चादरीच्या कारखान्यात ग्राफवर नक्षी उतरवून रात्री घरी टॅबलेटवर पात्रे रंगवू लागते. या सगळ्या वाटेवर आपल्या चित्राला एक तर श्रेणी मिळते किंवा ‘छान आहे’ एवढे ऐकायला मिळते. त्यामुळे गेमसाठी किंवा ॲनिमेशनसाठी पहिले काम मिळते आणि एकाच चित्रावर दहा-पंधरा सूचना समोर येतात, तेव्हा त्यांचे नेमके काय करायचे हे कोणीच शिकवलेले नसते.

माझ्या पहिल्या कामाच्या वेळी मी सहा दिवस एकच चित्र घासूनपुसून पूर्ण केले आणि पाठवले. उत्तरात एकच ओळ आली : ‘हे पात्र कोण आहे?’ मी त्यावर पानभर स्पष्टीकरण लिहून पाठवले. चित्र पाहून जे कळायला हवे होते ते मी शब्दांत सांगत होतो, हे मला त्या वेळी उमगले नाही आणि ते काम दुसऱ्याकडे गेले. त्यानंतरच्या काही वर्षांत अभिप्राय मागण्याची, देण्याची आणि पचवण्याची जी पद्धत आमच्या छोट्या गटात हळूहळू बसत गेली, ती येथे क्रमाने मांडतो आहे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करतो. संकल्पनाचित्र (कॉन्सेप्ट आर्ट), म्हणजे गेममधले किंवा ॲनिमेशनमधले पात्र कसे दिसेल हे ठरवणारे चित्र, भिंतीवर लावण्यासाठी काढलेले नसते. चादरीचा ग्राफ जसा चौकटी मोजून काढला जातो, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना छिद्रे पाडली जातात, आणि त्या छिद्रांप्रमाणे जॅकार्ड ताण्याचे धागे उचलतो, तसेच हे आहे. ग्राफमधली एक चौकट चुकली तर ती चूक त्या नक्षीच्या प्रत्येक चादरीत उमटते. संकल्पनाचित्रावरूनही पुढे थ्रीडी मॉडेल करणारा, त्या मॉडेलमध्ये हाडे बसवणारा आणि त्याला हालचाल देणारा असे अनेक जण काम करतात. म्हणून अभिप्रायाचा मूळ प्रश्न ‘चित्र आवडले का’ हा नसून ‘हे पात्र जसे ठरवले तसे दिसते का आणि पुढच्याला यावरून काम करता येईल का’ हा आहे.

१. ब्रीफ एका परिच्छेदात लिहून काढा

काम बाहेरून आलेले असो की स्वतःच्या पोर्टफोलिओसाठी असो, पात्र कोण आहे हे चार-पाच वाक्यांत लिहिल्याशिवाय कोणालाही चित्र दाखवू नका. हेच ब्रीफ. लेखभर एकच उदाहरण वापरायचे म्हणून माझ्या एका पात्राचे ब्रीफ देतो : ‘बंद पडलेल्या कापड गिरणीची रात्री राखण करणारी, साठीतील विणकर स्त्री. आयुष्यभर उभ्याने काम केलेले शरीर. काष्ट्याची साडी, पदर कमरेला खोचलेला. शस्त्र म्हणजे दोरा ओवलेला धोटा. शांत, पण जागची न हलणारी.’ (धोटा म्हणजे मागावर आडवा दोरा इकडून तिकडे नेणारे साधन.) यातले प्रत्येक वाक्य पुढे मोजपट्टीसारखे वापरता येते. ब्रीफ नसेल तर पाहणारा स्वतःच्या मनातल्या पात्राशी तुमच्या चित्राची तुलना करतो, आणि मग दहा जण दहा दिशांना बोलतात.

२. सोबत काय काय हवे

अभिप्राय मागण्याआधी पुढील गोष्टी एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

– ब्रीफचा परिच्छेद.
– आठ ते बारा लहान थंबनेल, म्हणजे एकाच पात्राच्या वेगवेगळ्या शक्यता.
– निवडलेल्या आकृतीचे सिल्हूट, म्हणजे पूर्ण काळ्या रंगाने भरलेली बाह्यरेषा.
– चित्राची करड्या छटांतील प्रत.
– रेफरन्सचे, म्हणजे संदर्भासाठी पाहिलेल्या छायाचित्रांचे पान. त्यात शक्य तितकी स्वतः काढलेली छायाचित्रे असावीत आणि कोणत्या छायाचित्रातून काय घेतले हे एका शब्दात लिहिलेले असावे.
– काम पुढच्या टप्प्यावर असेल तर समोरून, बाजूने आणि पाठीमागून दिसणारे टर्नअराउंड.
– वही आणि पेन.

करड्या छटांची प्रत काढणे सोपे आहे. फोटोशॉपमध्ये किंवा क्रिटा या विनामूल्य मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत वर एक नवा लेअर घेऊन तो काळ्या रंगाने भरावा आणि त्याचा ब्लेंड मोड ‘कलर’ ठेवावा. चित्र तेच राहते, फक्त रंग निघून जातात आणि उजेड-अंधाराची विभागणी उघडी पडते. क्रिटामध्ये ‘एम’ हे बटण दाबले की चित्र आरशात पाहिल्यासारखे उलटे दिसते. एका बाजूला झुकलेला चेहरा किंवा तोल सुटलेली उभी मुद्रा उलट्या चित्रात पटकन लक्षात येते. या दोन चाचण्या स्वतः करून ज्या चुका सापडतात, त्या दुसऱ्याकडून ऐकून घेण्यात त्याचा आणि आपला वेळ घालवू नये.

दाखवण्याच्या बाबतीत दोन सापळे आहेत. व्हॉट्सॲपवर चित्र फोटो म्हणून पाठवले तर ते दाबले जाते आणि बारीक रेषा विरघळतात. म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. तसेच मोबाइलवर डोळ्यांसाठीचा पिवळसर पडदा सुरू असेल तर समोरच्याला तुमचे रंग वेगळेच दिसतात, तेव्हा रंगांवर बोलण्याआधी तो बंद करायला सांगावे. आमचा गट पूर्वी भुईकोट किल्ल्याजवळच्या बागेत बसत असे, पण सोलापूरच्या उन्हात स्क्रीनवरची गडद छटा दिसतच नाही, आणि न दिसलेल्या छटेवर मिळालेला अभिप्राय निरुपयोगी ठरतो. आता आम्ही घरातच बसतो.

३. लवकर दाखवा

नवखा कलाकार चित्र पूर्ण होईपर्यंत लपवून ठेवतो. मीही तेच केले होते. सहा दिवस रंगवलेल्या चित्रातली आकृतीच चुकली आहे असे कोणी सांगितले तर ते ऐकण्याची मनाची तयारी राहत नाही आणि सांगणाऱ्यालाही ते बोलणे जड जाते. त्यामुळे पहिला अभिप्राय थंबनेलच्या टप्प्यावर, दुसरा सिल्हूट आणि छटांच्या टप्प्यावर, आणि तिसरा रंग व तपशील आल्यावर घ्यावा. प्रत्येक टप्प्यावर विचारण्याचे प्रश्न वेगळे असतात. थंबनेल पाहताना बटणांच्या आकाराबद्दल बोलू नये आणि अंतिम रंग पाहताना ‘पात्र लहान मूल असते तर’ असे सुचवू नये.

४. कोणाला दाखवावे

तीन प्रकारची माणसे लागतात : आपल्याहून अनुभवी कलाकार, आपल्याच पायरीवरचा सोबती, आणि चित्रकलेशी संबंध नसलेला पण पात्राच्या जगाची माहिती असलेला माणूस. पहिल्या दोघांना आपण शोधतोच. तिसऱ्याचे महत्त्व मला उशिरा कळले.

माझ्या विणकर स्त्रीचे चित्र गटात सर्वांना पसंत पडले होते. ते मी आमच्या शेजारच्या काकांना दाखवले. त्यांची उभी हयात मागावर गेली आहे. त्यांनी चित्र हातात घेतले आणि विचारले, “हा धोटा कोणत्या लाकडाचा? आणि हिने तो सुरीसारखा का धरलाय?” मग त्यांनी घरातून एक जुना धोटा आणून माझ्या हातावर ठेवला. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मधल्या पोकळीत दोरा गुंडाळलेली कांडी, आणि वजन मी समजत होतो त्याहून बरेच जास्त. तो हातात घेतल्यावर तळवा आपोआप खालून आधार देतो, वरून मूठ वळत नाही. चित्र काढताना मी इंटरनेटवरची पंधरा छायाचित्रे पाहिली होती, पण त्यांतील एकातही हात नव्हता.

सोलापुरात अशी जाणकार माणसे प्रत्येक गल्लीत आहेत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्यांवरून पात्र रचायचे असेल तर बाराबंदी हा बंदांचा अंगरखा अंगात घालणाऱ्यालाच विचारावे की बंद कोठे बांधतात आणि एवढ्या उंच काठीचा भार शरीर कसे घेते. जिथे श्रद्धेचा प्रश्न आहे तिथे काय बदललेले चालेल आणि काय चालणार नाही हेही त्यांच्याकडूनच समजून घ्यावे.

बाहेरच्या कामाच्या बाबतीत मात्र एक कडक पथ्य पाळा. गोपनीयतेचा करार केला असेल तर लेखी परवानगीशिवाय ते चित्र गटातही दाखवू नये, घरच्यांनाही पाठवू नये. अशा वेळी अभिप्राय फक्त काम देणाऱ्याकडूनच घ्यावा.

५. प्रश्न नेमका विचारा

‘कसे वाटते?’ असे विचारले तर ‘मस्त’ हेच उत्तर येते, आणि त्यात समोरच्याचा दोष नसतो. एका वेळी दोन किंवा तीनच प्रश्न विचारा आणि ते ब्रीफमधून काढा. ‘ब्रीफ न वाचता सांगा, हिचे वय किती वाटते?’ ‘सिल्हूट दोन सेंटिमीटरचे केल्यावर हातातली वस्तू काय वाटते?’ ‘पदर आणि हात यांची छटा एकच झाली आहे का?’ असे प्रश्न असले की चित्रकला न शिकलेला माणूसही उपयोगी उत्तर देतो. पहिल्या नजरेचे उत्तर एकदाच मिळते, म्हणून ब्रीफ आधी वाचून दाखवू नये. आधी चित्र, मग प्रश्न, मग ब्रीफ असा क्रम ठेवावा.

६. अभिप्राय देताना : दिसते, वाटते, सुचते

अभिप्राय देणाऱ्याने बोलण्याचे तीन भाग वेगळे ठेवावेत. आधी काय दिसते ते सांगावे, मग त्यामुळे काय वाटते ते सांगावे, आणि काय करावे हे शेवटी, तेही कलाकाराने विचारले तर, सांगावे. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा असतो. चित्र पाहताच ‘केस मोकळे सोड’, ‘लाल रंग दे’ असे उपाय सुरू होतात, आणि कोणती अडचण दूर करण्यासाठी केस मोकळे सोडायचे हे शेवटपर्यंत कोणालाच कळत नाही.

माझ्या पात्राच्या पहिल्या आवृत्तीवर एकाने म्हटले, “म्हातारी वाटत नाही.” हे खरे होते, पण त्यावरून मला काहीच करता आले नाही, मी फक्त चेहऱ्यावर सुरकुत्या वाढवल्या. दुसऱ्या वेळी गटातल्या एका ताईने असे सांगितले : “हिची मान लांब आहे, खांदे मागे ओढलेले आहेत आणि सारा भार एका पायावर टाकून ती कमरेत वाकली आहे. त्यामुळे चेहऱ्यावर सुरकुत्या असूनही मला ती पंचविशीतली दिसते. ब्रीफमध्ये आयुष्यभर उभ्याने काम केलेले शरीर असे लिहिले आहे, ते शरीर मला पायांत दिसत नाही.” या बोलण्यात एकही उपाय नव्हता, तरी पुढे काय करायचे ते मला स्वच्छ कळले. मी दोन्ही पाय जमिनीवर रुंद रोवले, मान पुढे आणली, खांदे गोल केले आणि घोट्यांना जाडी दिली. सुरकुत्या निम्म्याने कमी केल्या, तरीही ती साठीची दिसू लागली.

अभिप्राय मोठ्या गोष्टीकडून लहान गोष्टीकडे न्यावा. आमचा क्रम असा आहे : पात्र ओळखू येते का, सिल्हूट वाचता येते का, उभे राहणे आणि प्रमाण योग्य आहे का, छटांची विभागणी कशी आहे, मग रंग, मग कापड व वस्तूंचे तपशील. प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांइतकी धरतात. वीरनायकासाठी ती आठ किंवा थोडी अधिक करतात आणि गोंडस शैलीत दोन-तीन डोक्यांवरही आणतात. म्हणून ‘डोके मोठे आहे’ एवढे बोलणे अपुरे आहे. ठरवलेल्या शैलीच्या मानाने मोठे आहे का, हे बोलावे. वरची पायरी डळमळीत असताना खालच्या पायरीवर बोलून कलाकाराला दमवू नये. आकृतीच बदलणार असेल तर बांगड्यांवरची चर्चा वाया जाते.

पुढच्या कामगारांच्या नजरेने पाहणे हा अभिप्रायातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. काष्ट्याची साडी समोरून सगळेच काढतात. पण पाठीमागून निरी कोठून येते, कोठे खोचली जाते आणि पाय उचलल्यावर कापडाचे काय होते, हे टर्नअराउंडमध्ये नसेल तर ज्याने अशी साडी कधी पाहिलेली नाही तो मॉडेल करणारा अंदाजाने काहीतरी बसवेल. अशा ठिकाणी ‘येथे कॉलआउट हवे’, म्हणजे तेवढाच भाग बाजूला मोठा काढून दाखवायला हवा, असे सांगणे ही मोठी मदत असते. मोकळा पदर हालचालीत सांभाळणे अवघड व खर्चिक असते, हेही लक्षात आणून द्यावे. माझ्या ब्रीफमध्ये पदर खोचलेला आहे तो काही अंशी याच कारणाने.

तीन गोष्टी अभिप्रायात येऊ देऊ नयेत. पहिली, दुसऱ्या कलाकाराशी तुलना. दुसरी, चित्राऐवजी कलाकाराबद्दल बोलणे. ‘तुझे ॲनाटॉमी कच्चे आहे’ याऐवजी ‘डावा कोपर उजव्यापेक्षा खाली आला आहे’ असे सांगितले तर तो लगेच दुरुस्त होतो. तिसरी, स्त्रीपात्रांच्या शरीरावर ब्रीफशी संबंध नसलेले शेरे. असे शेरे सुरू झाले की गटातल्या मुली चित्रे दाखवणेच थांबवतात. हे मी पाहिले आहे, आणि ते थांबवण्याची जबाबदारी गटातल्या ज्येष्ठांची आहे.

आणि काय साधले आहे तेही तितक्याच नेमकेपणाने सांगावे. ते केवळ मन राखण्यासाठी सांगायचे नसते. चांगला भाग कोणता हे कलाकाराला कळले नाही तर पुढच्या दुरुस्तीत तो नेमका तोच भाग पुसून टाकतो.

७. चित्रावर चित्र काढण्याआधी विचारा

काही गोष्टी बोलून कळत नाहीत, काढून दाखवाव्या लागतात. तसे करण्याआधी परवानगी घ्यावी, मूळ फाइलला हात न लावता वेगळ्या लेअरवर एकाच ठळक रंगाने रेषा काढाव्यात आणि काढलेले चित्र दुरुस्तीचे उत्तर म्हणून नव्हे तर एक शक्यता म्हणून द्यावे. घेणाऱ्यानेही त्या रेषा तशाच गिरवू नयेत. त्यामागचे कारण विचारून चित्र आपल्या हाताने पुन्हा काढावे.

८. अभिप्राय घेताना

आधी गप्प राहा. समोरचा बोलत असताना ‘मला असे दाखवायचे होते’ हे वाक्य तोंडात येते, ते गिळावे. चित्र गेममध्ये जाईल तेव्हा शेजारी उभे राहून समजावून सांगायला तुम्ही नसाल. ऐकलेले शब्द जसेच्या तसे वहीत लिहा, आपल्या भाषेत बदलून लिहू नका. आमच्या गटात काही जण घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू. त्यामुळे ‘जड’, ‘भडक’, ‘सपाट’ या शब्दांचा प्रत्येकाचा अर्थ थोडा वेगळा असतो. शब्द लिहून झाला की ‘चित्रात कोठे?’ असे विचारून बोट ठेवायला सांगावे. प्रश्न विचारणे आणि बचाव करणे यांतला फरक आवाजातच कळतो, त्याकडे लक्ष असू द्या.

आपल्याकडे सर, दादा, ताई म्हणताना मोठ्यांसमोर वेगळे मत मांडायला संकोच वाटतो. म्हणून आम्ही नियम केला आहे की सर्वांत लहान सदस्याने आधी बोलायचे. मोठे आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात आणि कलाकाराला पाच अभिप्राय मिळाल्यासारखे वाटले तरी प्रत्यक्षात एकच मिळालेला असतो.

त्याच दिवशी दुरुस्तीला बसू नका. रात्र जाऊ द्या, आणि दुसऱ्या दिवशी वहीतल्या नोंदी तीन रकान्यांत वाटा : ब्रीफशी संबंधित, रचना किंवा तंत्राशी संबंधित, आणि बोलणाऱ्याच्या आवडीशी संबंधित. पहिल्या दोन रकान्यांवर काम करावे. तिसरा वाचून बाजूला ठेवावा.

९. अभिप्राय एकमेकांविरुद्ध असतील तर

एक म्हणतो धोटा मोठा कर, दुसरा म्हणतो हातातून काढून टाक, तिसरा म्हणतो त्याचा रंग बदल. तिघांचे उपाय वेगळे आहेत, पण तिघेही अडखळले ते एकाच जागी. म्हणून उपाय सोडून ती जागा धरावी. माझ्या बाबतीत धोटा शरीराच्या आकृतीच्या आत येत असल्याने सिल्हूटमध्ये दिसतच नव्हता. हात शरीरापासून दूर नेल्यावर तिन्ही तक्रारी एकदम मिटल्या.

पैसे देऊन काम करून घेणाऱ्याचे मत आणि तुमचे मत वेगळे पडले तर त्याने सांगितलेली आवृत्ती प्रामाणिकपणे, पूर्ण मन लावून करावी, आणि वेळ असेल तर आपली आवृत्ती शेजारी ठेवून कारण दोन वाक्यांत लिहावे. निर्णय त्याचा असतो. मात्र दुरुस्तीच्या किती फेऱ्या ठरलेल्या रकमेत येतात आणि ब्रीफच बदलले तर काय, हे काम सुरू होण्याआधी ई-मेलवर लिहून घ्या. ‘थोडासाच बदल’ असे म्हणत तीन आठवडे लांबलेली कामे आमच्या गटात प्रत्येकाने केली आहेत.

१०. दुरुस्त चित्र परत दाखवा

प्रत्येक आवृत्तीची फाइल वेगळी ठेवा आणि तिच्या नावात तारीख व क्रमांक घाला. दुरुस्ती झाली की जुने आणि नवे चित्र शेजारी शेजारी ठेवून ज्यांनी अभिप्राय दिला त्यांना दाखवा, आणि त्यांची कोणती सूचना घेतली व कोणती का घेतली नाही हे सांगा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग पुढच्या वेळी समोरचा माणूस वरवर पाहून ‘मस्त’ म्हणतो.

मी बदललेले चित्र घेऊन काकांकडे गेलो. तळवा आता खालून होता, टोप्या होत्या, वजनाने मनगट किंचित झुकले होते. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि धोट्याच्या टोकावर बोट ठेवले, कारण तेथून मी दोरा बाहेर काढला होता. दोरा टोकातून येत नाही, बाजूच्या डोळ्यातून येतो, असे सांगून त्यांनी घरातल्या धोट्यात कांडी बसवली आणि दोरा त्या छिद्रातून ओढून दाखवला. मी तेथेच बसून त्याची चारही बाजूंनी छायाचित्रे घेतली. तिसऱ्या आवृत्तीत त्या डोळ्याचे वेगळे कॉलआउट आहे.